परमिट एनी एनी

नेटवर्क चालू असतं तेव्हा ते आपोआप चालतं आणि बंद पडतं तेव्हा ते मी पाडलेलं असतं. हा नियम कुठल्याच राउटरवर लिहिलेला नाही, पण ऑफिसच्या सगळ्या मजल्यांवर काटेकोरपणे पाळला जातो. प्रिंटर अडला, नेटवर्क. पासवर्ड विसरला, नेटवर्क. एका गृहस्थांनी तर माउस हलत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार नोंदवली आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच 'फायरवॉल' असं भरून टाकलं. माउसमधला सेल संपला होता.

माझं काम तसं बैठं. राउटरवर याद्या लिहायच्या. कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं. तिला अ‍ॅक्सेस लिस्ट म्हणतात, घाईत एसीएल. पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, येतं ते कपाळावर सगळं लिहूनच येतं: कुठून आलो, कुठे चाललो, कोणत्या प्रोटोकॉलने, कोणत्या पोर्टवर. राउटर यादी वरून वाचायला घेतो आणि जी पहिली ओळ जुळेल तिथेच निकाल लावून मोकळा होतो. परमिट असेल तर जा, डिनाय असेल तर मर. त्याखालच्या ओळी तो वाचतही नाही. आणि एकही ओळ जुळली नाही तर यादीच्या तळाशी एक न लिहिलेली, न दिसणारी ओळ असतेच: बाकी सगळे डिनाय.

यातही एक मेख आहे. आमच्याकडच्या राउटरवर इंटरफेसला, म्हणजे राउटरच्या एखाद्या दाराला, नुसतं यादीचं नाव चिकटवलं आणि यादीत काहीच लिहिलं नाही, तर सगळी वाहतूक बिनबोभाट जाते. त्या रिकाम्या यादीत कोणासाठी तरी एक परमिट लिहा, की त्या एकट्याला रस्ता मोकळा आणि उरलेल्या जगाला दार बंद. म्हणजे परवानगी दिल्यामुळे बंदी लागू होते. हे मी ज्यांना ज्यांना समजावून सांगितलं त्या सगळ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. यादीबद्दल नव्हे, माझ्याबद्दल.

'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण राउटरच्या राज्यात चालत नाही. मागून आलेली ओळ कितीही तिखट असो, तिच्या वर एखादी मोघम ओळ ऐसपैस बसलेली असेल तर खालचीला कोणी विचारत नाही. सगळी गंमत क्रमात. म्हणून ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक देतात, मध्ये कोणाला घुसवायचं झालं तर जागा असावी म्हणून. आणि घुसवायचं असतंच. कोणाचं ना कोणाचं काम अर्जंट असतं, आणि अर्जंट माणसाला रांगेच्या शेवटी उभं राहणं जन्मात जमलेलं नसतं.

क्रम चुकला तर काय होतं हे मोठ्यांकडे बघून शिकावं. २१ जून २०२२ रोजी क्लाउडफ्लेअर या जगभरच्या साइट्सची वाहतूक सांभाळणाऱ्या कंपनीने आपल्या १९ डेटा सेंटरांतल्या पॉलिसीत एक बदल केला. त्यात ओळींची जागा हलली, 'उरलेलं सगळं नाकारा' ही ओळ काही जिवाभावाच्या ओळींच्या वर जाऊन बसली, आणि ती १९ केंद्रं इंटरनेटवरून दिसेनाशी झाली. त्यांच्या एकूण पसाऱ्यात ती जेमतेम ४ टक्के, पण साधारण निम्म्या विनंत्या त्यांच्यातूनच जात होत्या. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहून टाकलं. ते वाचून वाईट वाटलं असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. प्रत्यक्षात मी त्याची प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर, त्यांना सहज दिसेल अशी ठेवली. साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, "बघा, एवढे मोठे लोक, पण त्यांच्याकडेही तुमच्यासारखेच आहेत."

आता वाइल्डकार्ड मास्क. पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा हे सांगणारा सबनेट मास्क सगळे शिकतात, २५५.२५५.२५५.०. अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये तोच उलटा करून लिहायचा, ०.०.०.२५५. बिटांत मांडलं (२५५ म्हणजे आठही बिट एक), की जिथे शून्य तिथे काटेकोर तपास, जिथे एक तिथे दुर्लक्ष. का उलटा, हा प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा मुलगा विचारतो. 'असंच असतं' हे उत्तर मला माझ्या वरिष्ठांनी दिलं होतं, ते मी जपून पुढे देतो. त्यातून एकाच कंपनीच्या राउटरवर मास्क उलटा आणि फायरवॉलवर सुलटा लिहायचा असतो, म्हणजे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना माणसाने डोकं फिरवून घ्यायचं आणि परत येताना सरळ करायचं.

नव्या मुलाने एकदा उलट्याच्या जागी सुलटा मास्क लिहिला. १९२.१६८.५.० आणि पुढे २५५.२५५.२५५.०. राउटरने तोंडातून ब्र काढला नाही. चूक दाखवणं हे त्याचं काम नव्हे. त्याने शांतपणे अर्थ लावला: पहिले तीन आकडे काहीही असोत, शेवटचा शून्य असला की झालं. म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यांना प्रवेश बंद आणि जगभरातल्या शून्याने संपणाऱ्या समस्त पत्त्यांना सप्रेम निमंत्रण.

"सर, पण मला तर आपल्या सबनेटला परमिट द्यायचं होतं."

"अरे, द्यायचं होतं ते तुला. राउटरला कुठे द्यायचं होतं?"

तो आता माझ्याहून बरा मास्क लिहितो. ०.०.०.२५४ लिहून फक्त सम पत्ते कसे निवडायचे हे तो हल्ली लोकांना न विचारता दाखवतो. याचा उपयोग काय, असं त्याला अजून कोणी विचारलेलं नाही, आणि मीही विचारणार नाही.

इन आणि आउटबद्दल फार बोलत नाही. यादी इंटरफेसवर लावताना ती आत येणाऱ्यांसाठी की बाहेर जाणाऱ्यांसाठी हे सांगावं लागतं, आणि आत-बाहेर हे राउटरच्या पोटातून बघायचं असतं, आपल्या खुर्चीतून नव्हे. आपण इंटरनेटकडे जायला निघालो की राउटरच्या हिशेबी आपण आत येतोय. एवढं एकदा डोक्यात बसलं की माणूस नेटवर्कवाला झाला असं समजायचं; मग त्याला इतर कुठलीच दिशा नीट सांगता येत नाही.

खरी परीक्षा यादी लिहिण्यात नसते, ती कोणाच्या सांगण्यावरून लिहायची यात असते. एका दुपारी साहेबांनी बोलावलं.

"नेट फार स्लो झालंय हो. लोक व्हिडिओ बघत बसतात. बंद करून टाका."

"कोणाचं बंद करायचं, सर?"

"सगळ्यांचं."

"ट्रेनिंगचे व्हिडिओ असतात ते?"

"ते राहू द्या."

"मार्केटिंगवाले स्वतःचे व्हिडिओ चढवतात."

"चढवू द्या. पण त्यांनी दुसऱ्यांचे बघायचे नाहीत."

"आणि तुमचं, सर?"

"माझं काय? मी कुठे बघतो?" साहेब एकदम ताठ बसले. मग फाइल उघडून त्यात बघत म्हणाले, "पण माझं बंद नका करू."

या संभाषणाची अ‍ॅक्सेस लिस्ट करायची असते. राउटरला साहेब कोण ते कळत नाही. त्याच्या लेखी साहेब म्हणजे १० ने सुरू होणारा एक पत्ता, आणि तोही डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेच्या, मर्जीवर मिळालेला. तो पत्ता पक्का करून मी वर एक खास परमिट लिहिला. साहेब लॅपटॉप घेऊन मीटिंग रूममध्ये गेले, तिथलं सबनेट वेगळं, आणि दारातून आत पाऊल टाकताक्षणी साहेब सामान्य कर्मचारी झाले. तिथे त्यांना पाहुण्यांसमोर एक व्हिडिओ दाखवायचा होता. मग मीटिंग रूमलाही परमिट. दुसऱ्या दिवसापासून मीटिंग रूम सकाळपासून बुक असायची आणि आतून हसण्याचे आवाज यायचे.

बरं, व्हिडिओ अडवायचा तर कुठल्या खुणेवर? पूर्वी पोर्ट बघून माणूस ओळखू यायचा. २५ म्हणजे मेल, २२ म्हणजे एसएसएच, ५३ म्हणजे डीएनएस, ८० म्हणजे वेब. आता जो तो ४४३ चा, म्हणजे कूटबद्ध वेबचा, बुरखा पांघरून येतो. मेल ४४३, बँक ४४३, ट्रेनिंग ४४३, मांजराचा व्हिडिओही ४४३. पत्ता बघावा तर एकाच पत्त्यामागे शेकडो साइट्स नांदत असतात. एकाला अडवायला जावं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. एवढं करून नव्या मुलाने मोठ्या हौसेने एका साइटचा टीसीपी ४४३ बंद केला आणि शेजारी बसून पाहिलं, तर व्हिडिओ आपला चालूच. ब्राउझर यूडीपी या दुसऱ्याच प्रोटोकॉलच्या ४४३ वरून ये-जा करत होता. त्याला क्विक म्हणतात, मे २०२१ पासून तो आरएफसी ९००० या नावाने रीतसर प्रमाणितही झालाय (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकवार कागद). टीसीपीचा दरवाजा लावून आम्ही कुलूप घालत होतो आणि यूडीपीची खिडकी सताड उघडी होती.

पॅकेटच्या मनात काय आहे हे ओळखण्याचा खात्रीशीर उपाय माझ्या माहितीत एकच. १ एप्रिल २००३ रोजी स्टीव्ह बेलोविन यांनी तो आरएफसी ३५१४ मध्ये मांडला. आयपीव्ही४ च्या हेडरमध्ये, म्हणजे पॅकेटच्या कपाळावर, एक बिट वापराविना पडून आहे. दुष्ट हेतूच्या पॅकेटांनी तो स्वतःहून १ करावा, सज्जनांनी ० ठेवावा, म्हणजे फायरवॉलला सोपं जाईल. तारखेकडे लक्ष गेलं असेलच. मी हे एका बैठकीत गंमत म्हणून सांगितलं. बैठकीच्या वृत्तांतात ते 'आपल्या राउटरना हा सपोर्ट आहे का ते तपासणे, जबाबदारी: नेटवर्क' असं आलं.

साहेबांच्या मागणीची थट्टा करताना एक सांगितलं पाहिजे, की अशा मागण्या साहेबांहून मोठ्या साहेबांनीही केल्या आहेत. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा रस्ता आपल्याकडे वळवला. ही घोषणा देशातच राहायची होती. पण बीजीपीच्या, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायच्या प्रोटोकॉलच्या, पॉलिसीत ती कोणी अडवली नाही, ती वरच्या पुरवठादाराकडे गेली, त्यानेही अडवली नाही, आणि जगभर पसरली. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ ची होती, म्हणजे जास्त पत्ते कवेत घेणारी, जास्त मोघम. राउटर नेमक्या पत्त्याला मान देतो. त्यामुळे सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात कोणालाच यूट्यूब दिसेना. आमच्या साहेबांच्या हाती बीजीपी नाही याबद्दल जगाने आभार मानावेत, पण जगाला हे माहीत नाही.

साहेब परवडले असं वाटायला लावणारी माणसं म्हणजे सुरक्षावाले. साहेबांना निदान काय हवं ते अर्धवट तरी माहीत असतं. सुरक्षावाल्यांना काय नको एवढंच माहीत असतं. त्यांच्या चेकलिस्टवर एकदा आलं: 'आयसीएमपी बंद असावे.' आयसीएमपी म्हणजे नेटवर्कचे निरोप पोचवणारा प्रोटोकॉल; पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणं, हे त्यातलंच. कारण विचारलं, तर "पिंगने हॅकरला कळतं ना आपण आहोत म्हणून." आपण आहोत हे आपल्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे हे मी बोललो नाही. बैठकीत बारा माणसं होती आणि चहा यायचा होता. वरून लेखी आदेश आला आणि यादीत ओळ चढली: डिनाय आयसीएमपी एनी एनी.

पुढचे काही दिवस ज्या तक्रारी आल्या त्या मी संग्रही ठेवल्या आहेत. 'लॉगिन होतं, पण रिपोर्ट उघडत नाही.' 'मेल जाते, अटॅचमेंट जात नाही.' 'नमस्कार लिहिलं की जातं, मजकूर लिहिला की अडकतं.' आणि एक सर्वोत्तम: 'नेट चालू आहे, पण मनापासून चालत नाही.'

या शेवटच्या तक्रारीइतकं अचूक निदान मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही. झालं होतं असं. इथरनेटवर नेहमीचं पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइट्सचं. दोन ऑफिसांना जोडणाऱ्या जीआरई टनेलमध्ये वरच्या वेष्टनाचे २४ बाइट्स जातात, उरतात १४७६. पूर्ण मापाचं पॅकेट तोंडाशी येऊन अडकतं. त्याच्यावर 'तुकडे करू नयेत' असा शिक्का असतो, म्हणून राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडतो: बाबा रे, एवढं मोठं जात नाही, लहान करून पाठव. हा निरोप म्हणजे आयसीएमपी प्रकार ३, कोड ४. पाठवणारा तो वाचतो, माप कमी करतो, काम होतं. हे सगळं आरएफसी ११९१ मध्ये १९९० सालापासून लिहून ठेवलंय. आम्ही निरोप्यालाच दारात गोळी घातली. पाठवणारा बिचारा वाट बघतोय, पुन्हा तेच धूड पाठवतोय, पुन्हा ते टाकलं जातंय, आणि कोणी कोणाला काही सांगत नाहीये. छोटी पॅकेटं मजेत जातात, म्हणून लॉगिन होतं. मोठी मरतात, म्हणून रिपोर्ट उघडत नाही. पिंग करून बघावं तर पिंगही बंद.

मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. सुरक्षावाल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पिंग सुरू करायचं म्हणता?"

"पिंग नका करू. पण हे निरोप तेवढे येऊ द्या."

"म्हणजे थोडंसं पिंग."

थोडंसं पिंग मंजूर झालं. आयपीव्ही६ च्या, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या, वेळी त्यांनी पुन्हा तोच आग्रह धरला. तिथे शेजारचं यंत्र कोण हे शोधायलासुद्धा आयसीएमपीच लागतो. यादीच्या अदृश्य शेपटात त्यासाठी दोन अदृश्य परमिट दिलेले असतात, पण कोणी हौसेने शेवटी स्वतःच्या हाताने 'डिनाय आयपीव्ही६ एनी एनी' लिहिलं, की ते दोन अदृश्य परमिट कधी वाचलेच जात नाहीत आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखेनासा होतो. या वेळी मी फळ्याकडे गेलो नाही. जुन्या तक्रारींचा संग्रह वाचून दाखवला.

पॉलिसी हे प्रकरण त्याहून सात्त्विक. तिथे तीच अ‍ॅक्सेस लिस्ट वापरतात, पण परमिटचा अर्थ 'जाऊ दे' नसतो, 'हा आपला माणूस, याला बाजूला घे' असा असतो. बाजूला घेऊन काय करायचं ते पॉलिसी ठरवते: याला दुसऱ्या लिंकने पाठव, याचा वेग आवर, याला पुढे काढ. हे पुढे काढणं म्हणजे क्यूओएस. पॅकेटवर डीएससीपी नावाचा सहा बिटांचा शिक्का असतो, ० ते ६३ पर्यंत मान लिहायची सोय. आवाजाच्या कॉलसाठी ४६ देतात, कारण आवाज उशिरा पोचला तर उपयोगाचा नाही. मी सगळ्या विभागांना विचारलं, तुमच्या कामाला काय दर्जा द्यायचा? विक्री विभाग म्हणाला सर्वोच्च. अकाउंट्स म्हणाले सर्वोच्च, आणि विक्रीच्या वर. एचआरने 'आम्ही माणसांशी संबंधित आहोत' असं सुरू होणारी दीड पानी मेल पाठवली. शून्य कोणालाच नको होतं. सगळ्यांना ४६ दिल्यावर रांगेत सगळेच पहिले उभे राहतात आणि लिंकची जाडी काही वाढत नाही, हे गणित सांगितल्यावर एका विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं, "४७ असतं का?"

आणि हे सगळे बदल करायचे कधी? लोक घरी गेल्यावर, आणि बहुधा लांबून. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंट त्या शेळ्यांच्याच दोरीला बांधलेला. कारण ज्या इंटरफेसवर यादी लावायची त्याच इंटरफेसमधून आपण आत शिरलेलो असतो. एंटर दाबतो, आणि कर्सर थांबतो. एरवी तो लगेच पुढच्या ओळीवर येतो. त्या क्षणी तो येत नाही. आपण पुन्हा एंटर दाबतो. मग हलकेच. मग जरा जोरात, जणू जोराने दाबलेला एंटर तारेतून जास्त लांब जातो. कधी तो येतो, नुसता जांभई देत होता. कधी येत नाही, आणि मग पायात बूट घालायचे.

यावर शहाण्यांनी तोड काढलीय. बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' द्यायचं: दहा मिनिटांनी राउटर स्वतःच रीस्टार्ट होईल आणि सेव्ह न केलेली यादी विसरून जुन्या अवतारात उठेल. आपण बाहेर अडकलो तरी दहा मिनिटांनी दार उघडतं. सगळं ठीक झालं तर रद्द करायचं आणि सेव्ह करायचं. दुसऱ्या एका जातकुळीच्या राउटरांवर 'कमिट कन्फर्म्ड' आहे, दहा मिनिटांत पक्कं केलं नाही तर बदल आपोआप मागे. तो प्रकार मला जास्त आवडतो, त्यात राउटरला मरावं लागत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने रीलोड लावलं, यादी चढवली, सगळं इतकं झकास चाललं की आनंदात लॅपटॉप मिटून तो झोपला. दहाव्या मिनिटाला राउटरने दिलेला शब्द पाळला. सकाळी नवी यादी गायब, आणि हा शपथेवर सांगतोय की काल होती.

एवढ्या सगळ्यातून यादी वाढत जाते. वारसांची भांडणं होतील तसतशा पुरवण्या जोडत गेलेल्या मृत्युपत्रासारखी ती दिसते. मध्ये मध्ये रिमार्क असतात. आमच्या जुन्या यादीत एके ठिकाणी 'टेम्पररी, सोमवारी काढणे' असं आहे. कुठला सोमवार ते नाही. एके ठिकाणी नुसतं 'हात लावू नये'. आणि जवळजवळ प्रत्येक यादीत कुठे ना कुठे ती असते: परमिट आयपी एनी एनी. कोणीही, कुठूनही, कुठेही. ही ओळ कोणी शांतपणे बसून लिहीत नाही. फोनवर तीन माणसं एका वेळी ओरडत असतात, कोणीतरी म्हणतं, "आधी सगळं उघडा, मग बघू," तेव्हा ती जन्माला येते. 'मग बघू' हा दिवस कुठल्याच कॅलेंडरवर नसतो. ती तळाशी असली तर निदान वरच्या डिनायना काही अर्थ उरतो. वर असली, तर खालच्या साठ ओळी नुसत्या शोभेच्या.

लोक ओळ काढायला घाबरतात, त्याला इतिहासही आहे. जुन्या राउटरवर क्रमांकाच्या यादीतली एक ओळ काढायला 'नो' लावून ती ओळ लिहिली, की राउटर 'नो अ‍ॅक्सेस-लिस्ट १०१' एवढंच ऐकायचा आणि अख्खी १०१ पुसून टाकायचा. यादी गेली, इंटरफेसवर तिचं नाव राहिलं, म्हणजे सगळ्यांना मोकळं रान. त्या काळात हात पोळलेली माणसं आता वरिष्ठ पदांवर आहेत आणि 'काढू नका' एवढंच म्हणतात.

काढायला लावलं ते ऑडिटने. ऑडिटर तरुण होता, नम्र होता, आणि त्याच्याकडे एक्सेलची शीट होती. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने: उद्देश, ओनर, मंजुरी, मुदत. मी सगळ्या विभागांना ओळी वाटून विचारणा केली. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. एचआरने 'आमच्याकडे राउटर नाही' असं कळवलं. अकाउंट्सकडून एका ओळीत उत्तर आलं: 'हे आमचं नाही, पण काढू नका.'

ऑडिटरचं बोट ३४० आणि ३५० वर थांबलं. एका जुन्या मशीनवरून बाहेरच्या एका पत्त्याला, पोर्ट २० आणि २१, म्हणजे जुन्या पद्धतीने फाइल पाठवणं. "सर, हे एफटीपी आहे. पासवर्ड उघडा जातो."

"हो."

"आणि काउंटर शून्य आहे. कोणी वापरतच नाही."

"वीज गेल्यावर राउटर रीस्टार्ट झाला होता. काउंटर तेव्हापासूनचा आहे. जरा थांबू या."

"सर, शीटमध्ये 'थांबू या' असा रकाना नाहीये."

माझा आक्षेप नोंदवला गेला, त्याखाली तिघांच्या सह्या झाल्या, ओळी गेल्या. काही झालं नाही. ऑडिटरने आभाराची मेल पाठवली. मग तिमाही संपली आणि अकाउंट्सच्या साहेबांचा फोन आला.

"ती फाइल जात नाहीये."

"कोणती?"

"अहो, दर तिमाहीला जाते ती."

"कोण पाठवतं?"

"कोणी पाठवत नाही. ती जाते."

"कुठून जाते?"

"ते तुम्ही सांगायचं. इतकी वर्षं जात होती ना?"

ओळी परत घातल्या. त्याच क्रमांकांवर, रिमार्कसकट. फाइल गेली. आता एफटीपी ठेवायचं तर ऑडिटच्या नियमाप्रमाणे जोखीम पत्करल्याचा तीन पानी फॉर्म लागतो आणि त्यावर ओनरची सही. मशीन अकाउंट्सचं, फाइल अकाउंट्सची, तेव्हा फॉर्म भरून त्यांच्याकडेच पाठवला.

उत्तर त्याच दिवशी आलं, एका ओळीत. 'हे आमचं नाही, पण काढू नका.'